सायकिअॅट्री नसलेल्या वॉर्डांतली सायकिअॅट्री

अमेरिकेत मानसोपचारशास्त्राची चार वर्षांची रेसिडेन्सी पूर्ण केल्यानंतर मी सध्या एका शिक्षण-रुग्णालयात कन्सल्टेशन-लिएझन सायकिअॅट्रीची, म्हणजे इतर वॉर्डांतल्या डॉक्टरांनी बोलावल्यावर तिथल्या रुग्णांची मानसिक बाजू पाहणाऱ्या उपशाखेची, एक वर्षाची फेलोशिप करते आहे. या उपशाखेला इथे २००३ साली मान्यता मिळाली, तेव्हा तिचे नाव ‘सायकोसोमॅटिक मेडिसिन’ असे होते; ते ऐकून दुखणे केवळ मनातून उपजलेले असावे असे वाटते. २०१८ मध्ये ते बदलले, हे माझ्या मते योग्यच झाले, कारण आमचे बहुतेक रुग्ण शरीरानेही खरोखरच आजारी असतात.

‘रुग्ण निराश वाटतो’ एवढ्या एका ओळीवर बोलावणे येते, आणि तिथेच कामाची खरी गंमत सुरू होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एखाद्या आजी गप्प पडून असतात, जेवत नाहीत. पण त्यांना वर्षाचे महिने उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले की त्या दोन-तीन महिन्यांतच अडखळतात, आणि सकाळी बऱ्यापैकी बोलणाऱ्या आजी दुपारी डोळे उघडत नाहीत, असे परिचारिका सांगते. हे नैराश्य नसून डिलिरियम, म्हणजे शारीरिक आजाराने किंवा औषधाने अचानक आलेला, कमी-जास्त होणारा मेंदूचा गोंधळ, असते. तापात बरळणाऱ्याला आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणतात, परंतु या मुक्या वाताकडे कुणाचेच लक्ष जात नाही. अशा वेळी नैराश्याची गोळी सुरू करण्याऐवजी संसर्ग शोधणे, झोपेसाठी दिलेले, पण हा गोंधळ वाढवू शकणारे डायफेनहायड्रामीन हे औषध थांबवणे आणि चष्मा व श्रवणयंत्र परत हाती देणे, एवढेच आम्ही सुचवतो.

शस्त्रक्रिया नाकारणाऱ्या रुग्णाची निर्णयक्षमता तपासणे त्याहून अवघड असते, कारण तिथे सर्जनचीही समजूत घालावी लागते.