ज्या सायकलवर पाय थांबवता येत नाहीत

नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला सोळा वर्षं रोज सायकलने ऑफिसला जातेय. तिथे स्टेशनखाली १२,५०० सायकली मावतील एवढा तळ आहे आणि देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. त्यामुळे ठाण्याला आल्या आल्या वहिनी म्हणाली, "अगं, माझ्याबरोबर स्पिनिंगच्या क्लासला चल," तेव्हा वाटलं, खोलीत जागच्या जागी चालवायची असली तरी सायकलच ती, काय आता ४९व्या वर्षी नव्याने शिकायची?

घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ, पहिल्या मजल्यावर हा क्लास. सकाळी सातची वेळ. समोर दिसली त्या सायकलवर मी बसणार, तेवढ्यात शिकवणारी मुलगी म्हणाली, "ताई, थांबा. आधी शेजारी उभ्या राहा." कमरेचं हाड चाचपून दाखवायला सांगितलं आणि सीट बरोबर त्या उंचीला आणली. मग बसवून पेडल तळाशी नेलं. गुडघा अगदी ताठ होत होता, म्हणून सीट एक खाच खाली. तो किंचित वाकलेलाच राहायला हवा, म्हणाली. हँडल मात्र वर, म्हणजे पहिल्याच दिवशी कंबर धरणार नाही. पाच मिनिटं ती नुसती सायकल माझ्या मापाची करत होती. माझ्या तिकडच्या सायकलची सीट दुकानातून आली तशीच आहे. उजवा गुडघा कुरकुरतो तो थंडीने, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

सुरुवात छान गेली. सपाट रस्ता आहे असं समजून मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे. मग रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, वाढवून चढ आला, सीटवरून उठून पेडल मारायचं. विसाव्या मिनिटाला मांड्या भरून आल्या आणि मी सवयीने पाय थांबवले. कालव्यावरच्या पुलावरून उतरताना थांबवते तसेच. पण या सायकलचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. ते फिरतच राहिलं आणि माझा पाय ओढत घेऊन गेलं. छातीत धस्स झालं.

ती स्वतःच्या सायकलवरून उतरून माझ्यापाशी आली आणि गोल नॉब खाली दाबला. चाक थांबलं. "पाय एकदम सोडू नका, ताई. वेग कमी करत यायचं. दम लागला तर बसून हळूहळू फिरवा, इथे कुणी मोजत नाही." मग अख्खं गाणं संपेपर्यंत एक हात माझ्या हँडलवर ठेवून, बाकीच्यांना सूचना देत तिथेच उभी राहिली.

तो हात मनातून जात नाही. तिकडे लोक वाईट नाहीत. विचारलं तर नीट सांगतात, पण न विचारता जवळ येत नाहीत. मला ते आवडतं, अजूनही आवडतं. पण न विचारता कुणी आलं की किती बरं वाटतं, हे मी विसरले होते.

तिकडच्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिने विचारलं, "पैसे देऊन खोलीत सायकल? बाहेर का नाही?" मला राग आला. ठाण्यात कापूरबावडीच्या चौकात गर्दीच्या वेळी ये आणि चालवून दाखव, असं लिहिलं. येऊरच्या डोंगरावर पहाटे सायकलवाले जातात, हे मलाही माहीत आहे. पण पहाटे आईला उठवणं, तिचं औषध, डबे, हे सगळं वहिनीकडे असतं. तिला सात ते पावणेआठ एवढाच वेळ मोकळा मिळतो, तोही दादा आईजवळ बसतो म्हणून. मी रोज फोन करते, दरवर्षी येते. लांबून जेवढं होतं तेवढं करतेच.

घरी आल्यावर बसताना दुखत होतं. सीटवरून उठायची सवय झाली की कमी होतं, असं वहिनीने सांगितलं. आईच्या गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद फ्रिजवर आहे, त्याच्या खाली तिने माझं माप लिहिलं: सीट ७, हँडल ५. परवा सातला पुन्हा जायचंय.