शनिवार तेलिणीची मैत्रीण : कादंबरीच्या टिपणवहीतून

सोमवार

काळ पक्का झाला, 1879 ते 1897. आधी अलिबाग तालुका, मग मुंबईतली मांडवी. सुरुवातीचं साल पोस्टकार्डाने ठरवलं. हिंदुस्थानात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला आलं, किंमत पाव आणा. एक मैत्रीण, रिबका, लग्नानंतर मुंबईला गेली आणि दुसरी, गंगू, गावातच राहिली, तर पाव आण्यात दोघींचा धागा टिकू शकतो. त्याआधीच्या काळात निरोप येणार-जाणाऱ्या माणसाच्या तोंडी, आणि त्या माणसाला वाटलं तेवढाच पोचायचा.

कार्ड उघडं असतं, हे मात्र विसरायचं नाही. टपालवाल्यापासून दिरापर्यंत कोणीही वाचणार. त्यामुळे नवऱ्याबद्दलची तक्रार सरळ लिहिली जाणार नाही. ती भाताच्या भावाआड, नाहीतर गाईच्या आजारपणाआड दडवावी लागेल. शिवाय लिहिणार कोण? रिबका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांतली; शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. बेने इस्रायली मुली मिशनऱ्यांच्या मराठी शाळांत बऱ्याच आधीपासून जात होत्या, म्हणजे रिबकाला लिहिता येणं पटेल. गंगू आगऱ्याची, तिला त्या काळी अक्षरओळख असणं अवघड. गंगूची कार्डं तिसरंच कोणी लिहील आणि आलेलं कार्ड तिसरंच कोणी वाचून दाखवील. गुपित राहणारच नाही. कथानकाला याहून चांगली अडचण शोधून सापडायची नाही.

मंगळवार

घाणा. ‘शनिवार तेली’ म्हटलं की वाचकाला बैल दिसतो, पण घरातल्या बायकांचं काम दिसत नाही. तीळ पाखडणं, निवडणं, उन्हात घालणं, लाट फिरत असताना कडेला चढलेला माल पुन्हा उखळात लोटणं, निघालेली पेंड सुटी करणं. एक घाणा उतरायला दीड-दोन तास धरावे. तिळाच्या घाण्यात मधूनमधून पाण्याचा हबका मारावा लागतो. पाणी कमी पडलं तर तेल सुटत नाही, नुसता भुगा फिरत राहतो. जास्त झालं तर तेल दुधासारखं गढूळ निघतं आणि चार दिवसांत खवट होतं. तो अंदाज हाताचा. शिकाऊ सुनेचा पहिला घाणा बिघडवायचा असेल तर इथे बिघडवावा. बैल उधळवून बिघडवणं फार सोपं आणि फार वेळा झालेलं.

शुक्रवारचं गणित वेगळं, कारण शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा शनिवार, शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो. सूर्यास्ताआधी घाणा उतरून, जागा झाडून, बैल सोडून मोकळं व्हायचं. इथे घड्याळाची मोठी चूक होऊ शकते. डिसेंबरात अलिबागेला आजच्या घड्याळाने सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. पण आजची भारतीय प्रमाणवेळ 1906 नंतरची, आणि मुंबईने तर आपली जुनी वेळ 1955 पर्यंत धरून ठेवली होती. ती 39 मिनिटं मागे. म्हणजे 1885 च्या डिसेंबरात कचेरीतल्या घड्याळात सव्वापाचच्या पुढे थोड्याच वेळात शब्बाथ लागला. जूनमध्ये तोच पावणेसातच्या आसपास. शेवटचा घाणा हिवाळ्यात तीनच्या आत लागला पाहिजे. गावातली बाई घड्याळ बघतच नव्हती म्हणा, ती नारळाची सावली बघत होती. पण मांडवीच्या प्रकरणात घड्याळ येणार, तेव्हा हे हाताशी हवं.

सगळ्या पात्रांना तेली करायचं नाही, हेही आजच लिहून ठेवते. 1880 पर्यंत कितीतरी घरं घाण्यापासून सुटली होती. कोणी पलटणीत सुभेदार, कोणी सुतार, गवंडी, कोणी मुंबईत कारकून. रिबकाच्या सासरी घाणा, माहेरी पलटणीचं पेन्शन. या दोन घरांत पैसा येण्याची तऱ्हा निराळी, आणि तिच्या बोलण्यातला ताठा तिथूनच येतो.

बुधवार

मासे. डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूची दंतकथा सगळ्यांना ठाऊक असते: हे लोक खरोखर यहुदी आहेत का ते पाहायला त्याने बायकांपुढे सगळ्या जातीचे मासे ठेवले आणि बायकांनी बिनखवल्यांचे, बिनपरांचे बाजूला काढले. शेमाची (देव एकच, अशी) प्रार्थना सोडली तर पुरुषांना फारसं काही आठवत नव्हतं. धर्म चुलीपाशी शिल्लक होता. कादंबरीत ही दंतकथा आजीच्या तोंडून सांगायचा मोह टाळावा. त्यापेक्षा रोजचा बाजार दाखवावा. कोळीण टोपली उतरवते. जिताडा, बोय, बांगडा, पापलेट चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी, पाकट, शिंगाळा चालत नाहीत. कोळिणीला हे इतकं पाठ असतं की त्या घरापुढे ती कोळंबीवरचं फडकं उचलतच नाही. एवढ्या एका हालचालीत शेजार कळतो, समजावून सांगावं लागत नाही.

गंगूच्या घरी मात्र कोळंबी हेच खरं कालवण. म्हणून रिबका तिच्याकडे जेवत नाही आणि गंगू ते मनाला लावून घेत नाही, कारण न जेवण्याचे असले नियम तिच्या ओळखीचे आहेत. गावात प्रत्येक जातीचे आहेत. आजच्या वाचकाला हे दुराव्यासारखं दिसेल. तेव्हाच्या बाईला नियम पाळणारी शेजारीण भरवशाची वाटायची. कोकणातले बेने इस्रायल बहुतेक गोमांसही टाळत, गावाचा मान म्हणून. मटणाच्या रश्शात दूध-दही नाही, नारळाचा रस. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा मोशेचा कायदा कोकणातल्या नारळाने अगदी सहज पाळला जातो.

गुरुवार

कोणता पदार्थ उंबरा ओलांडतो ते आधी ठरवायचं, मग प्रसंग. मलिदा ओलांडतो. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने नवस फेडताना, लग्नाआधी, प्रवासाहून सुखरूप परतल्यावर करतात. पोहे धुऊन निथळायचे, ओला नारळ, गूळ नाहीतर साखर, वेलची, वर सुका मेवा, कडेने फळं आणि सुवासाला गुलाब, कारण प्रार्थनेत झाडाच्या फळाचा, जमिनीच्या पिकाचा आणि सुगंधाचा आशीर्वाद वेगवेगळा म्हणतात. अर्धा किलो पोह्यांना दोन मध्यम नारळ पुरतात. पोहे पाण्यात ठेवले की लगदा झालाच. चाळणीत धुऊन दहा मिनिटं झाकले की मऊ होतात. नारळ अगदी शेवटी घालायचा. वैशाखात सकाळी कालवलेला मलिदा संध्याकाळी आंबतो, आणि मिन्यान जमायला उशीर झाला तर यजमानीण पुरुषांवर का करवादते ते याच्यात आहे: दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना सुरू नाही, आणि नारळ कोणासाठी थांबत नाही.

यात मांस नाही, रक्त नाही, म्हणून मलिदा द्रोणातून गंगूच्या घरी जातो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, घाटातल्या नव्हे, एलियाहूच्या रथाची खूण म्हणून दाखवतात तो खडक आहे. तिथे दोघींना एकत्र नेता येईल. गंगूला तो देव परका वाटायचं कारण नाही. खडकावरच्या खुणेपुढे नारळ ठेवणं तिला रोजचं.

चिकाचा हलवा. वर्षाच्या सणाला, रोश हशानाला, म्हणजेच ‘नव्याच्या सणा’च्या दिवसांत. चीक तोच, कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. एक दिवस चुकला तर आंबूस वास जन्माचा. वाटून, पिळून, फडक्यातून गाळून रात्रभर निवू द्यायचं, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. अर्धा किलो गव्हाला तीन-चार नारळांचं दाट दूध आणि साखर जवळजवळ गव्हाइतकीच. सगळं थंड असतानाच एकत्र कालवून मग चुलीवर. गरम रसात चीक ओतला तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. पुढचा दीड तास हात थांबवायचा नाही. तळ लागला की सगळ्या पातेल्याला करपट वास लागतो, ढवळून खाली-वर केलं तर आणखीच पसरतो. कडा सुटल्या, तेल दिसू लागलं, की ताटात थापायचा. लवकर उतरवला तर वड्या पडत नाहीत, चमच्याने खायचा.

एका बाईच्या हाताला हे झेपत नाही. दीड तास दोघींनी आळीपाळीने ढवळायचं म्हणजे दीड तास बोलणं आलं, आणि एकमेकींकडे न बघता बोलणं, कारण डोळे पातेल्यात. कबुलीजबाबाचा प्रसंग इथेच. अंगणात चांदण्यात वगैरे नको.

शुक्रवार

दिवा. टांगता पितळी कंदील, आत काचेचा पेला. तळाला दोन बोटं पाणी, त्यावर बोटभर खोबरेल, तरंगती वात. पाण्यामुळे काच तडकत नाही आणि तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझते; शब्बाथात दिवा विझवायला हात लावायचा नाही, त्यावरची ही सोय. तेल किती घातलं यावर घर किती वाजता अंधारात जाईल ते ठरतं. काटकसरी सासू आणि सढळ सून यांच्यातला सगळा इतिहास या बोटभर तेलात मावतो. थंडीत खोबरेल गोठतं, ते आधी चुलीपाशी ठेवावं लागतं. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षाची दारू कुठून आणणार, तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळलेलं सरबत.

मराठीतल्या हगादाची, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथीची, पुण्याची 1874 ची आवृत्ती आज पुन्हा पाहिली. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, साड्या नेसलेल्या, जमिनीवर बसून. पात्रांच्या पेहरावावर वाद घालण्यापेक्षा हे एक चित्र पुरे. पीठ आणि पाणी एकत्र आल्यापासून भाजून होईपर्यंत 18 मिनिटं, त्यापुढे ते खमीर धरलं असं मानतात. एकीने मळायचं, एकीने लाटायचं, एकीने भाजायचं. तिघी बायका, घाई, आणि कोणीतरी सतत ‘आटपा’ म्हणणारं.

रविवार

ज्याला हात लावायला सगळे बिचकतात ते प्रकरण: गोरे आणि काळे. बेने इस्रायलांत हा भेद होता. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ‘काळे इस्रायल’ मानली जाई. मशीद एकच (म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, पण पात्रं मशीदच म्हणतील; मांडवीतली 1796 ची ती जुनी मशीद), पण बेटीव्यवहार नाही आणि गोऱ्यांच्या भांड्यांना काळ्यांनी शिवायचं नाही. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात हे नोंदवलं आहे. तो ग्रंथ छापून निघाला 1937 मध्ये, तेल अवीवला.

मग खरी पेचाची मैत्री रिबका आणि गंगूची नाही. ती रिबका आणि त्याच मशिदीतल्या ‘काळ्या’ घरातल्या मिल्काची. गंगूच्या बाबतीत दोन्ही घरांना नियम मान्य आहेत. मिल्काच्या बाबतीत प्रार्थना तीच, सण तेच, मासे तेच, आणि तरी पातेल्याला हात लावायचा नाही. हलवा ढवळायला मिल्का बसली तर तो हलवा कोण खाणार? चिकाच्या प्रसंगात दुसरी बाई गंगू नसून मिल्का हवी. सगळं प्रकरण नव्याने लिहावं लागणार, पण इलाज नाही.

सोमवार

शेवट प्लेगचा. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत पहिला प्लेग ओळखला गेला तो मांडवीतच. त्या वेळी रिबका तिथे राहते. लाखो लोक शहर सोडून निघाले, बंदरावर तपासण्या सुरू झाल्या. पावसाळ्यात कोकणच्या होड्या बंद असतात. सप्टेंबर उलटल्यावर दर्या मोकळा होतो, म्हणजे ती निघू शकते. महिना इकडेतिकडे झाला तर कथानक बुडालं. गावात मुंबईहून आलेल्या माणसाला घरात घ्यायला कोणी तयार नाही. सासरचा घाणा केव्हाच मोडलेला. दार उघडते ती मिल्का, आणि आता कोणी कोणाच्या भांड्याला शिवायचं हा प्रश्न रोगाच्या भीतीने उलटा होतो: मिल्काने रिबकाचं ताट वेगळं ठेवायचं. ती ठेवते. दहा दिवस, अंगणातल्या पडवीत, वेगळं ताट, वेगळा तांब्या. माफीचा प्रसंग लिहायचा नाही. ताट ठेवायच्या जागेचं वर्णन अर्धं पान, संवाद चार ओळी. रविवारचं प्रकरण याच्या किमान शंभर पानं आधी यायला हवं, नाहीतर वाचकाला ते ताट नुसतं प्लेगचं वाटेल.