सेत्ते २०१२ : चौथी बाटली उघडली

शनिवारी रात्री सेत्ते २०१२ या लाल वाइनची चौथी बाटली उघडली. २०१६ मध्ये एकाच पेटीतल्या सहा घेतल्या होत्या. तेव्हाच ठरवलं होतं की दोन-तीन वर्षांनी एक काढायची आणि जे जाणवेल ते वहीत लिहायचं. जुनी वाइन कळायला मला यापेक्षा चांगला मार्ग सापडलेला नाही. वेगवेगळ्या दहा बाटल्या जमवण्यापेक्षा एकाच वाइनच्या सहा घ्या, असं मी नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

ही फ्रतेल्ली वाइनरीची, अकलूजच्या बाजूची. सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सॉव्हिन्याँ या दोन द्राक्षजातींचं मिश्रण, घडवणारे इटलीतल्या तोस्कानाचे पिएरो मासी. २०१६ ची नोंद अशी आहे : जांभळाचा रस, नवं लाकूड, आणि कच्चं केळं चावल्यासारखा तुरटपणा. २०१८ मध्ये तुरटपणा जरा खाली बसला होता. २०२१ ची बाटली मात्र मुकी निघाली. ना वास, ना गोडवा. उरलेल्या तीन फुकट गेल्या असं मी त्या पानावर लिहून ठेवलं होतं.

परवाच्या बाटलीने ते पान खोटं ठरवलं. पेल्याच्या कडेला रंग विटेसारखा झालाय. सुकं अंजीर, तंबाखू, थोडं चामडं, आणि शेवटी आमसुलासारखा स्वच्छ आंबटपणा, जो सांजोव्हेसेचा आहे. तुरटपणा आता जिभेला टोचत नाही, नुसता स्पर्श करून जातो. वयाबरोबर टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) आणि रंगाचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी गाळ म्हणून बसतात; तोंडात जे कमी झालं त्यातलं बरंचसं बाटलीच्या बुडाशी दिसतं.

म्हणून बाटली गुरुवारीच उभी करून ठेवली होती. बूच जुनं, त्यामुळे स्क्रूचा ओपनर वापरला नाही. दोन पात्यांचा चिमटा बुचाच्या कडेने हळूहळू डोलवत आत सरकवला आणि फिरवत बाहेर काढला. बूच अखंड आलं, याचा आनंद वाइनइतकाच होता! मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून एका दमात डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, ओतली. गाळाची रेघ मानेपर्यंत आली की थांबायचं, तळची दोन बोटं वाइन सोडून द्यायची. तरुण वाइनसारखी तासन् तास हवेवर ठेवू नये. ही ४० मिनिटांनी सगळ्यात सुंदर होती, दोन तासांनी वास ओसरू लागला.

जेवायला कमी तिखटाचा खिमा आणि साधा पाव केला होता. झणझणीत रस्स्यापुढे एवढी नाजूक वाइन टिकत नाही, हा माझा २०१८ चा धडा.

तासगावचे काका मुक्कामाला होते. जन्म द्राक्षबागेत गेला, पण वाइन कधी चाखलेली नाही. पेला नुसता नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘अगं, हा तर बेदाण्याच्या शेडमधला वास!’ माझ्या वहीतल्या सगळ्या शब्दांपेक्षा हे नेमकं आहे, म्हणून तसंच लिहून घेतलं. बाटलीवरच्या सालाबद्दलही त्यांच्यामुळेच डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. फ्रान्सच्या बोर्दोत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. म्हणजे दोन्हींवर २०१२ लिहिलेलं असलं तरी आपली बाटली सात-आठ महिन्यांनी मोठी.

आता साठवणीचं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी चार बाटल्या गमावल्या, ते अजून मनाला लागलेलं आहे. वाइन गार ठेवायचं तेव्हाचं कपाट थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेलं, होतं. आत १२ अंश राहतील असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. पण असं कपाट खोलीपेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतं. पुण्यात दुपारी खोली ३८ वर, आत २२! बुचं वर सरकली, मानेला चिकट ओघळ आले, आणि आतली वाइन शिजवलेल्या फळासारखी लागली. आता कॉम्प्रेसरचं कपाट आहे, १३ वर स्थिर. वीज गेली तर दार उघडायचं नाही, एवढाच नियम. भरलेल्या बाटल्या एकमेकींना गार ठेवतात. मागच्या आठवड्यात पाच तास वीज नव्हती, आत दोनच अंश चढले. हवा कोरडी झाली की बूच आक्रसतं, म्हणून उन्हाळ्यात आत पाण्याची वाटी ठेवते. बाटल्या अर्थातच आडव्या.

अपवाद मडेरा या वाइनचा. ती कपाटात नाही, स्वयंपाकघराच्या फळीवर उभी आहे. अटलांटिकमधल्या त्याच नावाच्या पोर्तुगीज बेटावरची वाइनची पिंपं हिंदुस्थानच्या सफरीवर जहाजातून जायची, विषुववृत्त ओलांडून परत यायची, आणि उष्णतेत तापून परतलेली वाइन जास्त चांगली लागते हे लोकांच्या लक्षात आलं. आज तेच काम बेटावर होतं : काही वाइन तीन महिने ४५-५० अंशांवर तापवतात, उत्तम प्रतीची उबदार माळ्यावर वर्षानुवर्षं पिंपात ठेवतात. ज्या उष्णतेने माझ्या चार बाटल्या मारल्या, तिच्यातूनच ही तयार होते. माझ्याकडे बोआल द्राक्षांची दहा वर्षांची मडेरा आहे. फेब्रुवारीत उघडली, अजून तितकीच ताजी. पुण्यासारख्या गावात ज्यांच्याकडे कपाट नाही, त्यांनी जुन्या वाइनची सुरुवात मडेरापासून करावी असं माझं ठाम मत झालंय.

आजची शिल्लक ४१ बाटल्या. त्यात सेत्ते २०१२ च्या दोन. पाचवी तीन वर्षांनी काढायचा बेत होता, पण काका जाताना म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बेदाणा उतरला की घेऊन येतो, दोन्ही शेजारी ठेवून वास घेऊ.’ तेव्हा बाटलीच्या मानेला चिठ्ठी बांधून ठेवली आहे.