सर्वात लांबच्या घरापासून: सहावी-सातवीसोबत गाव मांडतानाचा अनुभव

सहावीच्या मुलाला ‘तू कोण?’ असं थेट विचारलं की वहीत नाव, वर्ग, शाळा आणि ‘माझे गाव सुंदर आहे’ एवढंच उतरतं. यात दोष मुलाचा नाही, प्रश्नाचा आहे. यवतमाळकडच्या कापूस-सोयाबीनच्या गावात गावठाण, बंजाऱ्यांचा तांडा आणि कोलामांचा पोड अशा तीन वस्त्यांची मुलं एका वर्गात बसतात. तिथं जुन्या वस्तू, घरचे शब्द आणि मैदानावरचा नकाशा यांतून मुलांकडून गाव मांडून घेण्याचा हा उपक्रम घेताना मी काय करते आणि काय करणं सोडून दिलं, ते लिहिते.

एकूण आठ शनिवार लागतात, पण सलग घेऊ नका. दिवाळीच्या आगेमागे तांड्यावरची काही कुटुंबं ऊसतोडीला, काही वीटभट्टीवर जातात, आणि मुलंही सोबत जातात. डिसेंबरात सुरुवात केली की नकाशातून नेमकी तीच घरं गळतात. म्हणून पोळा झाला की, सोयाबीन सोंगणीला येण्याआधी, पहिले तीन शनिवार उरकायचे: वस्तू, शब्द आणि पावलं मोजणं. उरलेले पाच डिसेंबर-जानेवारीत, जमीन कोरडी झाल्यावर. पावसाळ्यात मैदानावर आखलेलं एका सरीत वाहून जातं.

पहिल्या शनिवारी प्रत्येकानं स्वतःच्या जन्माआधीचं घरातलं काहीतरी आणायचं. वस्तूच हवी असं नाही. गाणं, औषधी पाला, वावरातल्या एखाद्या जागेचं नावही चालेल, हे आधीच सांगायचं. नंतर सवलत म्हणून सांगितलं तर ज्याच्या घरी जुनं काही नाही ते लेकरू सगळ्यांसमोर उघडं पडतं. दागिने आणि कागदपत्रं आणायची नाहीत, त्यांचं चित्र काढायचं. पाव कागदाच्या कार्डावर चारच ओळी: कशाचं बनलंय, कोण वापरायचं, कशासाठी, आता कुठं असतं. ‘हे कुणाचं?’ हा प्रश्न मी काढून टाकला, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा आजोबाच असतात.

तिफणीचं चाडं आलं तर मात्र त्याच्यावर अख्खा तास द्यावा. लाकडी वाटी, तळाला तीन भोकं, तिथून तीन नळ्या तीन फणांपर्यंत. पेरणी म्हणजे बैल हाकणारा माणूस, असं मुलांच्या डोक्यात असतं. ‘चाड्यावर मूठ कोण धरायचं?’ हे घरी विचारून यायला सांगा. बऱ्याच घरांतून आजीचं नाव येतं. बी दाट पडणार की विरळ, हे त्या मुठीवर असायचं. कार्डावरची दुसरी ओळ त्यासाठीच आहे.

वंशावळ मात्र काढून घेऊ नये. वर्गात कुणाचे वडील नसतात, कुणाची आई दुसरीकडे नांदत असते, कुणाच्या घरी कर्त्या माणसानं आत्महत्या केलेली असते, आणि रिकामी चौकट सगळ्यांना दिसते. आडनावाचा अर्थ शोधण्याचा खेळ तर दोन मिनिटांत जातीवर येतो. त्याऐवजी तीन वर्तुळं काढायची: ‘मी दोन दिवस दिसलो नाही तर कोण विचारेल?’ घरातली माणसं आत, गल्लीतली मध्ये, बाकीची बाहेर. किराणावाला येतो, एसटीचा कंडक्टर येतो, बकऱ्या चारणारी शेजारची बुढी येते. हा कागद भिंतीवर लावायचा नाही. तिन्ही वर्तुळांत मिळून एकच नाव असलेलं मूल कोणतं, हे मी पाहते आणि पुढच्या कामात त्याचा गट विचार करून ठरवते.

शब्दांच्या तक्त्यात गुडघा-टोंगळा, शेत-वावर, का-काहून असं सुरू झालं की वर्ग खुलतो. आईला माय, तांड्यावर याडी. कोलामी रकाना पोडावरच्या मुलांशिवाय कुणालाच भरता येत नाही, मलाही नाही. पहिल्या रकान्याला ‘शुद्ध शब्द’ लिहू नका, ‘पुस्तकातला शब्द’ लिहा. एवढ्यानं फरक पडतो. हसू होतंच. म्हणून पहिला शब्द मी उच्चारते, चुकते, आणि ज्याची भाषा आहे तो मला सुधारतो. त्यानंतर हसणं कमी होतं, थांबत नाही.

नकाशाचा पहिला फसलेला प्रकार असा: खडू दिला की मुलं शाळा मधोमध काढतात, शेजारी देऊळ, मागे दोन डोंगर आणि सूर्य. आमच्याकडे तसे डोंगरही नाहीत. पोडाला जागाच उरत नाही. कुणीतरी कोपऱ्यात बाण काढून ‘पोडाकडे’ लिहितं. त्यामुळं आता माप सर्वात लांबच्या घरावरून ठरतं. ज्याचं घर सर्वात दूर, तो पुढे चालतो, बाकीचे पावलं मोजतात. दर शंभर पावलांना एक खडा खिशात, नाहीतर मोजणी हमखास चुकते. पोडाच्या शेवटच्या घरापर्यंत १,९०० पावलं भरली, तर एका फुटाला १०० पावलं धरून १९ फूट. मोकळी जागा २५ फुटांची असेल तर शाळा मध्यावर बसतच नाही, कडेला जाते. जाऊ द्या. मग आधी पाणी (विहिरी, हापशी, नाला), त्यानंतर पांदण आणि वाटा, आणि शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या घराचा दगड स्वतः ठेवायचा. रेषा चुन्याच्या, कारण रांगोळी वाऱ्यानं उडते. उगवती-मावळती सकाळच्या उन्हावरून अंदाजे धरायची. शाळेच्या स्लॅबवरून फोटो घेऊन चार ड्रॉइंग पेपर जोडून त्यावर उतरवायचं.

म्हाताऱ्यांना ‘गावाचा इतिहास सांगा’ म्हटलं की महाराजांची कथा सुरू होते आणि संपत नाही. ‘नाल्याला पूर आला की पलीकडे कसे जायचे?’ किंवा ‘या पांदणीनं कोण कोण यायचं?’ असं विचारलं तर माणूस स्वतःचं सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा कुणी भेटत नाही. दिवेलागणीनंतर, तिघांच्या गटानं, दहा मिनिटं. आधी परवानगी, मग मोबाईल जवळ धरायचा आणि पंखा बंद. जुना शाळेचा दाखला निघाला तर सोनंच, त्यावरच्या जन्मसालापासून माणूस कोणकोणत्या राज्यांत राहिला ते मोजता येतं. १९४५ च्या सुमारास इथं जन्मलेली बाई आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात राहिली. घर न बदलता. मुलं हे बोटांवर परत परत मोजतात.

भंडारा-चंद्रपूरकडच्या शाळांनी तलाठ्याकडे वाजिब-उल-अर्ज पाहायला मागावा. वाट, पाणी, मासेमारी यांच्या गावातल्या रूढी त्यात नोंदलेल्या असतात, आणि मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या काळातला) असेल तर मुलांचे प्रश्न तिथूनच निघतात.

मांडणी २६ जानेवारीला, शाळेत नव्हे, ग्रामपंचायतीपुढं. ग्रामसभेला लोक तसेही येतात. सत्कार ठेवू नका, शाल-श्रीफळात तास जातो आणि नकाशा कुणी बघत नाही. मोठी माणसं मुलांच्या हातून पेन घेऊन नकाशा ‘दुरुस्त’ करायला लागतात, म्हणून सुतळीला पेन्सिल आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधून ठेवायचा. चूक दिसली तर चिठ्ठीवर लिहा, पटली तर मुलं बदलतील. सर्वाधिक चिठ्ठ्या धुऱ्यांच्या (शेताच्या बांधांच्या) वादाच्या येतात. त्या बाजूला काढायच्या, वर्गात वाचायच्या नाहीत. एकाच जागेची दोन नावं आली तर दोन्ही लिहायची. नकाशा गुंडाळून पीव्हीसी पाइपात ठेवायचा, दोन्ही टोकांना झाकण आणि आत डांबरगोळ्या. कपाटात ठेवला तर उंदीर खातात.