नांदूर मध्यमेश्वर: महिना नव्हे, पाणी बघून निघा

नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात पक्षी बघायला कधी जावं? 'नोव्हेंबर ते फेब्रुवारी' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधाऱ्याने अडलेलं हे पाणी. इथूनच गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा निघतात. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की पातळी चढते, कालव्यांचं आवर्तन, म्हणजे पाळीने पाणी सोडणं, चालू असलं की चित्र पुन्हा बदलतं. म्हणून निघण्याआधी काठावरच्या चापडगावच्या बाजूला कुणाला तरी फोन करून एवढंच विचारावं: काठाचा गाळ उघडा आहे का?

कारण साधं आहे. तुतवारांसारख्या काठावरच्या पक्ष्यांना चोच खुपसायला ओला गाळ लागतो, लांब पायांच्या शेकाट्याला वीतभर पाणी चालतं. थापट्या आणि चक्रांग ही बदकं उथळ पाणी गाळून खातात. लालसरी हीही बदकच, पण ती बुडी मारते, म्हणून ती खोल भागात सापडते. पातळी हातभर चढली तरी गाळ बुडतो आणि काठावरची मंडळी उठून जातात. भर जानेवारीत काठ रिकामा दिसतो तो यामुळे.

हिवाळ्यात निफाडची थंडी आणि धुकं दोन्ही खरं. पहाटे पोचावंच, पण धुकं दाट असेल तर दुर्बिणीचा उपयोग होत नाही. ते विरेपर्यंत पाणकणसाच्या (काठावरच्या उंच पाणगवताच्या) कडेने कान लावून चालावं. दुर्बीण ८x४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. दूरच्या बदकांच्या थव्यासाठी निरीक्षण मनोऱ्यावर तिपाई आणि स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) हवा. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतात. तलवार बदकं दिवसा बहुधा विसावतात आणि रात्री चरतात, त्यामुळे दुपारी ती झोपलेलीच दिसतील. त्यांना उठवायला टाळ्या वाजवणं हा निव्वळ अत्याचार आहे: उडण्यात खर्च होणारी ताकद त्यांना परतीच्या प्रवासासाठी हवी असते.

पावसाळ्यात फार कुणी येत नाही. खरं तर कमळपक्ष्याची वीण तेव्हाच असते, आणि अंडी उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सगळं नर करतो. मात्र काळ्या मातीचा चिखल गाडीचं चाक धरून ठेवतो, म्हणून गाडी डांबरी रस्त्यावरच लावावी. पूर असेल तर काठाकडे फिरकूच नये.

एप्रिल-मेमध्ये पाणी आक्रसतं, मासे डबक्यांत अडकतात आणि चित्रबलाक, शराटी असे लांब चोचींचे पक्षी तिथे गोळा होतात. नऊ-साडेनऊनंतर झळांमुळे दुर्बिणीतलं चित्र थरथरतं, त्यामुळे त्याआधी पाहून घ्यावं. वरून भेगाळलेल्या, कोरड्या दिसणाऱ्या गाळावर पाय ठेवू नये. खाली तो गुडघाभर मऊ असू शकतो.