सिगारेट संपते, व्हेप संपत नाही : माझा अनुभव

सिगारेट सोडायला व्हेपचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटचा, उपयोग होतो का, असं ओळखीतल्या बऱ्याच जणी मला विचारतात. होतो. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. इथल्या सरकारी सेवेच्या मदतीने मी सिगारेट सोडून व्हेप घेतलं आणि पुढे व्हेपही सोडलं. पण पहिली सवय ज्या रीतीने सुटली, त्या रीतीने दुसरी सुटली नाही. निकोटीन दोन्हीकडे तेच, तरी दोन सवयींची घडण फार वेगळी आहे. हे मला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर मधला बराच त्रास वाचला असता, म्हणून सविस्तर लिहितेय.

सिगारेट मला लागली हिंजवडीत नोकरीला असताना. कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा आणि त्यासोबत सुटी सिगारेट. नाशिकला घरी गेले की मुक्काम हलेपर्यंत एकही नाही. केसांना, ओढणीला, बोटांना वास राहतो, आणि बाईच्या अंगाला तो वास आला की घरातलं वातावरणच बदलतं. लपवावं लागे, आणि त्या लपवण्यानेच तिला लगाम राहिला.

लेस्टरला आल्यावर लपवायचं कारण उरलं नाही, पण दुसरे लगाम आले. इथे २०१७ पासून वीसपेक्षा कमी सिगारेटचं पाकीट विकता येत नाही, आणि त्या पाकिटाला १५ पौंडांच्या वर मोजावे लागतात. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागेत आणि कामाच्या ठिकाणी आत ओढायला मनाई आहे. म्हणजे एका सिगारेटसाठी जागेवरून उठायचं, कोट चढवायचा, जिना उतरायचा, पावसात आडोसा शोधायचा. मग पेटवायची. दहा-बारा झुरके, पाच-सात मिनिटं, आणि हातात थोटूक. ते विझवलं की विषय संपला. पुढची तलफ येईपर्यंत डोक्यात सिगारेट नाही.

धूम्रपान सोडायला मदत करणारी सेवा इथे महापालिका चालवते, पैसे पडत नाहीत. ई-सिगारेट घेऊन येणाऱ्यांनाही २०१४ पासून उघडपणे सामावून घेणारी लेस्टरची सेवा देशातली पहिली, आणि २०२३ मध्ये सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचा संच द्यायची योजना जाहीर केली. पहिल्या भेटीत समुपदेशक बाईंनी दिवसाला किती ओढता हे नंतर विचारलं. आधी विचारलं, की सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात पेटते? व्यसन किती खोल आहे ते या एका उत्तरावरून पुष्कळ कळतं. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर पकड घट्ट, पाच मिनिटांत असेल तर फारच घट्ट.

मग यंत्रात फुंकायला सांगितलं. खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद धरायचा आणि नळीत हळू सोडायचा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड दिसतो. आकडा दहाच्या खाली असेल तर तुमची गणना न ओढणाऱ्यांत. माझा वीसच्या वर गेला. हा वायू ऑक्सिजनची जागा अडवून रक्तात फिरत असतो, आणि मी रोज वर चढताना लागणारी धाप वयावर ढकलत होते. त्या आकड्याने मला जेवढं हलवलं तेवढं पाकिटावरच्या चित्रांनी कधी हलवलं नव्हतं.

सिगारेट आणि व्हेप या दोन्हींतला मोठा फरक जळण्याचा आहे. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. पानं जळून हजारो रसायनं तयार होतात, त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरणारी. टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्या जळण्यातूनच येतात. व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) तापते, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनमध्ये विरघळलेलं निकोटीन आणि सुगंधी द्रव्यं बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं होतं. तो तज्ज्ञांनी बांधलेला अंदाज होता, त्यावर वादही झाले, म्हणून मी त्या आकड्याच्या भरवशावर बोलत नाही. पण ओढणाऱ्या माणसाने पूर्णपणे व्हेपवर जाणं ही खाली उतरणारी पायरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जी माणसं ओढतच नाहीत, त्यांच्यासाठी तीच पायरी वर चढणारी आहे.

मला मिळालेला संच पुन्हा भरता येणाऱ्या पॉडचा, म्हणजे लिक्विडच्या छोट्या कुपीचा, होता. इथल्या कायद्याप्रमाणे लिक्विडमध्ये एका मिलीलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटीन चालतं, टाकी २ मिलीची, बाटली १० मिलीची. मी २० पासूनच सुरुवात केली. कमी तीव्रतेचं घेतलं तर तलफ भागत नाही आणि माणूस पुन्हा पाकिटाकडे वळतो, असं बाईंनी बजावलं होतं. ओढायची रीतही बदलावी लागते. सिगारेटचा झुरका तोकडा आणि जोराचा असतो. व्हेपचा तीन-चार सेकंद, सावकाश. सिगारेटसारखं जोरात खेचलं की घशात ठसका बसतो आणि कॉइलचा जळका वास येतो. सुरुवातीचे दिवस मला खोकल्यातच गेले. सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. व्हेपचा तडाखा मला तेवढा बसत नव्हता, त्यामुळे काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटे. तो अर्धवटपणा काही आठवड्यांनी विरला.

एक गोष्ट मात्र अगदी अनपेक्षित होती, आणि चहाबाज मराठी माणसाने ती जाणून घ्यायलाच हवी. सिगारेट बंद केल्यावर माझी झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं. मी ते निकोटीनच्या खात्यावर टाकत होते. बाईंनी विचारलं, चहा-कॉफी किती? तंबाखूच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा जवळजवळ दुप्पट वेगाने करतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. त्यामुळे व्हेपवर गेलात तरी निचरा मंदावतो आणि तेवढाच चहा दुप्पट लागू पडतो. मी चहा निम्म्यावर आणला, झोप परत आली.

सगळ्यात कडक सूचना होती ती दोन्ही एकत्र न करण्याची. ठरलेल्या तारखेनंतर सिगारेटचा एकही झुरका नाही. घरात व्हेप आणि बाहेर सिगारेट असं करणारी पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं तिथेच अडकतात, आणि फुप्फुसाला धूर मिळतच राहतो. मी तारीख पाळली. पुढच्या भेटीत यंत्रावरचा आकडा एक अंकी आला. जिभेला चव परतली, डाळीच्या फोडणीतला हिंग पुन्हा कळू लागला. सिगारेटपुरता लढा मी जिंकले होते.

पण त्याच महिन्यांत दुसरी सवय वाढत होती, आणि ती मोजायला यंत्र नव्हतं. व्हेपमध्ये जळणंच नसल्याने श्वासाच्या यंत्रावर व्हेप दिसत नाही. आकडा दोन, दिवा हिरवा, शाबासकी मिळते. इकडे व्हेप माझ्या उशीखाली आलं होतं.

कसं आलं? सिगारेटला जे अडथळे होते ते सगळे एकदम गेले. कोट नको, जिना नको, लायटर नको. वास येतो तो आंब्याचा किंवा पुदिन्याचा आणि मिनिटभरात विरतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद केला की एक झुरका, कढईत कांदा परततोय तोवर दोन, मालिका बघताना सतत. सिगारेट विझवल्यावर मिळणारी ती मोकळीक व्हेपमध्ये कधी मिळालीच नाही, कारण विझवायला काही नव्हतं. घेतला झुरका की ठेवलं खिशात, पुन्हा काढलं. मुळात घेतोय हेही लक्षात येत नाही. सिगारेटच्या काळात रात्री जाग आली तर मी कूस बदलून झोपायचे. आता अंधारात हात चाचपडत व्हेपकडे जायचा. सकाळी पहिली सिगारेट चहानंतर असायची, पहिलं व्हेप अंथरुणातच. बाईंच्या त्या पहिल्या प्रश्नाला आता मला उत्तर द्यायचं असतं, तर ते आधीपेक्षा वाईट होतं. फुप्फुसं सुधारली होती आणि पकड घट्ट झाली होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

ही फक्त माझी गत नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील पीटर हायेक यांच्या गटाने ८८६ जणांवर केलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले व्हेपच्या गटात १८ टक्के, निकोटीनच्या पट्ट्या-गोळ्यांच्या गटात ९.९ टक्के. व्हेपची बाजू मांडताना हाच आकडा सांगितला जातो, आणि तो मोलाचाच आहे. पण त्याच चाचणीत, यशस्वी झालेल्यांपैकी व्हेपच्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप घेत होते; दुसऱ्या गटात आपलं औषध चालू ठेवणारे ९ टक्के. हा दुसरा आकडाही सोडायला निघालेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायला हवा.

मी आधी निकोटीन उतरवून पाहिलं, २० वरून थेट १० वर. झालं काय, तर झुरके वाढले, लांबले, आणि बाटली लवकर रिकामी व्हायला लागली. शरीर आपला हिशेब पुरा करून घेतं. मग बाईंनी क्रम उलटा करायला सांगितला : आधी वेळ आणि जागा बांधा, तीव्रता नंतर.

म्हणून मी सिगारेटचे सगळे अडथळे व्हेपला लावले. व्हेप स्वयंपाकघराच्या खणात. घ्यायचं तर दाराबाहेर, उभ्याने, हातात फोन नाही. दहा झुरके मोजायचे आणि खणात परत. झोपायच्या खोलीत बंदी. सकाळचा पहिला झुरका आधी अंघोळीनंतर, मग न्याहारीनंतर, मग ऑफिसातल्या पहिल्या सुट्टीत, असा पुढे ढकलत नेला. स्वाद बदलून साधा तंबाखूचा घेतला, कारण आंब्याच्या चवीला मी चटावले होते. या टप्प्यात चिडचिड खूप झाली. नवऱ्याशी भांडणं झाली ती बहुतेक संध्याकाळी सातच्या सुमाराला. वेळा बसल्यावर मात्र २० वरून १०, मग ५ असं उतरणं जमलं, आणि झुरके वाढले नाहीत.

शेवटचा धक्का नाशिकच्या मुक्कामाने दिला. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि पुढे त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्याला बंदी आहे. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. मी व्हेप लेस्टरलाच ठेवलं आणि २ मिलिग्रॅमची निकोटीनची चावायची गोळी (गम) घेऊन गेले. ती च्युइंगमसारखी चघळत राहायची नसते. थोडी चावायची, झणझणीत लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. सतत चावलं तर निकोटीन पोटात जातं आणि उचक्या लागतात.

आई दोन दिवस बघत होती. मग म्हणाली, "काय गं, गालात सारखं काय धरून बसतेस? तुझी आजी मशेरी धरायची तशी." मी सगळं सांगितलं, सिगारेटपासून. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग आजीच्या मशेरीबद्दल बोलत बसली, ती सोडायला आजीला कुणी मदत केली नाही याबद्दल. महाराष्ट्रात तंबाखू मुख्यतः तोंडातच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपल्या घरांत व्हेपची चर्चा होते तेवढी मशेरीची झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गल्लीच्या टोकाशी टपरीवर सुटी सिगारेट मिळत होती, राज्यात २०२० पासून तिच्या विक्रीला बंदी असूनही. व्हेप नाही आणि सिगारेट हाताशी, तो आठवडा सर्वांत अवघड गेला. गोळीने निभावलं. परतले तोवर अंथरुणातली तलफ गेली होती. खणातलं व्हेप मी पुन्हा भरलं नाही. बॅटरी असल्याने ते कचऱ्यात टाकता येत नाही, दुकानात परत घेतात. गोळ्या पुढे काही महिने चालल्या, मग त्याही सुटल्या.

आता माझा मामेभाऊ, पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याने कधी सिगारेट ओढली नाही, तो थेट व्हेपवरच सुरू झाला. बंदी असूनही त्याला हवं तेव्हा मिळतं. आत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अमेरिकेत २०१९-२० मध्ये २,८०० हून अधिक लोक व्हेपमुळे झालेल्या फुप्फुसाच्या आजाराने रुग्णालयात गेले, ६८ दगावले; बऱ्याच जणांनी गांजाचा अर्क असलेल्या व्हेपच्या अनधिकृत कुप्या घेतल्या होत्या आणि त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. हे मी त्याला पाठवलं. त्याने वाचलं. मग विचारलं, "ताई, सुरुवात कुठून करू?"

मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. पाकिटांवर छापलेल्या १८००-११-२३५६ या नंबरवर फोन कर, मोफत आहे. आणि व्हेप रात्री मित्राच्या खोलीत ठेव. सध्या त्याचा पहिला झुरका सकाळी साडेनऊला होतो. मागच्या महिन्यात तो उठल्या उठल्याच व्हायचा. पुढच्या आठवड्यापासून अकरा.