वाळ्याचं पाणी आणि फौंड्रीतला दुसरा कॅन

आमच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, भट्टीपासून जरा लांब, दाराजवळच्या सावलीत पाण्याचे दोन कॅन असतात. एक साध्या फिल्टरच्या पाण्याचा. दुसरा मी घरून भरून नेतो. त्यात कधी वाळा, कधी पुदिना, कधी धणे. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ३८ ला टेकतो, आणि आत लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) असतं तेराशे-चौदाशे अंशांच्या घरात. अशा ठिकाणी कुणाला ‘पाणी पी रे’ म्हणून सांगावं लागत नसेल असं वाटतं, पण लागतं. पाणी कोमट होतं, प्लॅस्टिकचा वास मारतं, मग पोरं दोन घोट घेऊन उरलेलं वाळूत ओततात. चहाला मात्र कुणी कधी नको म्हणत नाही. दुसऱ्या कॅनकडून माझी अपेक्षा एवढीच, की एक ग्लास झाल्यावर दुसरा घ्यावासा वाटावा.

‘आण्णा, ह्यात घालतासा तरी काय?’ असं विचारणारे आता कारखान्यातच नव्हे, गल्लीत आणि पाहुण्यांतही झालेत. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात वाळ्यापासून, कारण आमच्या घरी तोच आधीपासून. उन्हाळा लागला की आई माठात वाळ्याची जुडी सोडायची. वाळा म्हणजे एका गवताची मुळं. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, पण घेताना बघून घ्यावीत. बारीक, लांब, पिवळट तपकिरी मुळं घ्यायची आणि त्यातलं एखादं तिथंच मोडून नाकाला लावायचं. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर माल चांगला. नुसती धूळ नाकात गेली तर तो वर्षानुवर्षं पोत्यात पडलेला. दुकानदार ‘पाण्यात घातल्यावर सुटतोय वास’ म्हणतो, त्याच्याकडं लक्ष देऊ नये.

घरी आणल्यावर लगेच माठात टाकायचा नाही. मुळाच्या जटांत माती अडकलेली असते. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, दुसरं गढूळ, मग हळूहळू निवळतं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळून धुवायचा, एकदा कडक उन्हात वाळवायचा आणि पांढऱ्या सुती दोऱ्यानं जुडी बांधायची. दहा लिटरच्या माठाला मूठभर, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम पुरे. रात्री घातला की सकाळी पाणी तयार. दोन-तीन दिवसांनी जुडी काढून गच्चीवर वाळवायची नि परत घालायची. वास उतरला की झाडाच्या आळ्यात टाकून द्यायची. ओली जुडी आठवडाभर माठातच ठेवणारे लोक मला माहीत आहेत. ते पाणी बुळबुळीत होतं, आणि मग ‘वाळा चांगला नव्हता’ म्हणतात.

माठाबद्दलही दोन शब्द. आमचा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला आहे, काळा, बिनरंगाचा. हल्ली नळ बसवलेले, वेलबुट्ट्या रंगवलेले माठ मिळतात. दिसायला झकास. पण माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर वाफ होऊन उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. ऑइलपेंटनं ती छिद्रंच बुजवली तर राहिलं काय? मार्च ते मे हवा कोरडी असते तोवर माठ मस्त चालतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच माठ आळशी होतो, त्याला इलाज नाही.

आता पुदिना. कपिलतीर्थ मार्केटातून जुडी आणली की पानं खुडून, धुऊन घ्यायची. लिटरभर पाण्याला दहा-बारा पानं. तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं एक थाप मारायची आणि गार पाण्यात टाकायची. वाटायची नाहीत, चुरगाळायची नाहीत. पुदिन्याचा वास पानावरच्या बारीक ग्रंथींतल्या तेलात असतो. त्या फुटल्या की काम झालं. पान वाटलं तर तेलाबरोबर पानाचा हिरवा रस पण उतरतो आणि पाण्याला गवताची चव येते. उकळलं तर आणखी वाईट. तेल उडून जातं, स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो आणि पातेल्यात उरतं ते तपकिरी, तुरट पाणी. फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवून पानं काढून टाकायची. हे काढणं लोक विसरतात. काळी पडलेली पानं बाटलीत तरंगत ठेवून कसली शोभा! लिंबाच्या चकत्यांचंही तेच. सालीखालच्या पांढऱ्या भागातून कडूपणा उतरत राहतो, म्हणून तासा-दोन तासांत बाहेर. मी तर लिंबू आयत्या वेळी पिळतो. आणि लिंबू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही, आंबटानं तांबं पाण्यात उतरतं.

गवती चहाची गोष्ट उलटी. त्याचं पान चिवट, गार पाण्यात रात्रभर ठेवलं तरी ढिम्म हलत नाही. त्याला गरम पाणी लागतं. तीन-चार पातींची गाठ मारायची, गॅस बंद करून उकळत्या पाण्यात टाकायची आणि लगेच झाकण. दहा मिनिटांत पाणी फिकट पिवळं होतं आणि लिंबासारखा वास येतो. मग पाती काढून निववायचं. झाकणाला आतून जे थेंब जमतात ते पातेल्यातच झटकायचे, खरा वास त्यांत असतो. आमच्या सौभाग्यवतींचं मत असं, की एवढा खटाटोप केलाच आहे तर त्यात दूध-साखर घालून चहा करावा. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

तुळशीची चार-पाच पानं गार पाण्यात चालतात, जास्त घातली तर लवंगेसारखा झणका येतो. ते साहजिकच, लवंगेतलं युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य तुळशीतही असतं.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की घरात दवणा असतो, त्यावरून दरवर्षी कोणीतरी सुचवतं, ‘एवढा वास आहे तर पाण्यात घालून बघा.’ मी घालत नाही. दवणा कडू जातीचा, आणि आमच्याकडं तो देवाला वाहतात, डोक्यात माळतात, उशाशी ठेवतात. पितं कोणी नाही. फुलबाजारातल्या हाराच्या गुलाबांनाही माझी तीच मनाई. त्यावर फवारलेलं काय असतं ते धुऊन जाईल याची खात्री कोण देणार? गुलाब घालायचाच तर घरच्या कुंडीतला देशी.

धण्याचं पाणी आमच्याकडं सगळ्यात जास्त खपतं. दहा ग्रॅम धणे खलबत्त्यात अर्धवट ठेचायचे, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालायचे, सकाळी फडक्यानं गाळायचं. बस्स. गल्लीतले वैद्य एकदा घरी आले होते, त्यांना मोठ्या प्रेमानं ग्लास दिला. ते म्हणाले, ‘आमच्यात याला हिम म्हणतात, पण तुमचं लई पातळ आहे.’ आयुर्वेदात हिम करताना औषधाच्या सहापट पाणी घेतात आणि रात्रभर ठेवतात. गरम पाण्यात करायचा तो फांट, त्याला चौपट. म्हणजे हिमाला दहा ग्रॅम धण्यांना साठ मिली पाणी. माझं हजार मिली. धण्यांच्या शंभरपट! मला हा हिशोब फार आवडला. औषध माप लावून घ्यायचं असतं, एवढं आणि इतक्या वेळा. आमच्या कॅनमधलं पाणी माणसं दिवसभर ग्लासावर ग्लास पितात, ते पातळच हवं.

म्हणूनच ‘पोटातली घाण साफ’, ‘सात दिवसांत वजन कमी’ असे जे फॉरवर्ड येतात ते मी पुढं ढकलत नाही. रक्तातली घाण काढायला लिव्हर आणि किडन्या बसल्यात, त्यांना फक्त पाणी पुरवा. कुणाला ज्येष्ठमध घालायची हुक्की आली तर आधी घरात बीपीचं कोण आहे ते बघावं. जास्त झाला तर बीपी वाढतं. आणि औषधाच्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या रोज कुठलाही पाला पिण्याआधी डॉक्टरला विचारावं.

भट्टीवरच्या पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगत असतो. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं, आणि वाळ्याच्या पाण्यात मीठ नसतं. नुसतंच सुगंधी पाणी ढोसलं आणि दुपारी पोटरीत गोळा आला, तर दोष वाळ्याचा नाही. म्हणून ओतकामाच्या दिवशी दुपारी मीठ-साखरेचं लिंबू सरबत असतं, आणि फर्स्ट एडच्या पेटीत ओआरएसची पाकिटं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजपंचे वाढवायचं नाही. एक मोल्डर (साचे करणारा) तालमीतला आहे, तो म्हणतो, ‘आण्णा, त्यापेक्षा थंडाई आणा की.’ त्याला बदामाचा भाव सांगितला की तो गप वाळ्याचं पाणी पितो.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल मात्र मी कडक आहे. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी कोल्हापुरात आलं, पण कुठलंही नळाचं पाणी म्हटलं की क्लोरीनचा वास थोडाफार असणारच, आणि त्या वासात पुदिना मरतो. पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात, वर फडकं टाकून रात्रभर ठेवलं की वास जातो. पण क्लोरीन गेला म्हणजे राखणदारही गेला. त्यात धुतलेली का होईना, पानं पडली. पुदिन्याचं काय नि धण्याचं काय, गार पाण्यात काही शिजत नाही, जंतू मरत नाहीत. म्हणून मी पाणी उकळून निववून घेतो, मगच पानं घालतो, आणि केलेलं त्याच दिवशी संपवतो. संध्याकाळी कॅनमध्ये उरलं तर कारखान्याच्या दारातल्या कडुनिंबाला. कॅन ब्रशनं घासून, तोटी काढून धुवायची. सगळा चिकटा तोटीतच साठतो.

पाऊस लागला, पंचगंगा लाल झाली की हा उद्योग मी बंद करतो. तेव्हा गार पाणी प्यायचा हुरूपही कुणाला नसतो. मग कॅनच्या जागी थर्मास येतो. त्यात आलं, पानओव्याची दोन पानं आणि गवती चहा, उकळतं. पानओवा कुंडीत नुसती फांदी खोचली तरी लागतो. आमच्या गल्लीतल्या कुणाला पाहिजे असेल तर संध्याकाळी सातनंतर या, फांदी देतो. कुंडी आपली आपण आणा.